चूक कुठे आहे, तेवढे सांगा

मागच्या पावसाळ्यात धामणगाव रेल्वेतल्या एका नेटकॅफेत मी एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होतो. शेजारी तिची अम्मी. 'सबमिट' दाबले की पडद्याच्या मधोमध चौकट यायची : 'माहिती चुकीची आहे'. 'ओके' दाबले की चौकट गायब. कोणती माहिती चुकली, ते काही कळेना. चौथ्या वेळी अम्मी हळूच म्हणाल्या, "सर, हमारे कागजातच गलत है क्या?"

कागद बरोबर होते. वडिलांच्या नावातल्या 'मो.' पुढचे टिंब त्या रकान्याला चालत नव्हते. आमच्याकडे घरोघरी असे एक 'मो.' असते.

ही चौकट आली कुठून? सुरुवातीच्या काळात भरलेला अर्ज तपासणीसाठी दूरच्या सर्व्हरकडे जायचा आणि चूक असली तर पान परत यायचे. टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटवर यात बराच वेळ जाई. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली आणि तपासणी वाचकाच्याच संगणकावर होऊ लागली. त्यातली 'अलर्ट' चौकट एका ओळीत लिहिता येई, म्हणून ती सर्रास वापरली गेली. करणाऱ्याची सोय झाली, भरणाऱ्याची गैरसोय राहिली.

डिसेंबर २००८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सर्वांना वापरता येतील अशा संकेतस्थळांचे सुधारित निकष प्रसिद्ध केले. चुकलेला रकाना दाखवावा आणि चूक शब्दांत सांगावी, हा त्यातला एक. २०१४ मध्ये प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ मध्ये तर 'हा रकाना भरणे आवश्यक' अशी साधी तपासणी ब्राउझरच करू लागला.

चांगल्या अर्जात सूचना त्या रकान्याच्या खालीच दिसते आणि दुरुस्ती होईपर्यंत तिथेच राहते. नुसता लाल रंग पुरत नाही, कारण तो सर्वांना ओळखता येत नाही. आधी भरलेले पुसले जात नाही. 'नावात टिंब चालत नाही, पूर्ण नाव लिहा' एवढे वाक्य पुरते.

आम्ही मास्तर वहीत चुकलेल्या शब्दाखालीच लाल रेघ ओढतो. वहीवर नुसते 'चूक' लिहून ती परत दिली, तर पोर स्वतःलाच 'ढ' समजू लागते.

टिंब काढल्यावर अर्ज गेला. अम्मींनी मात्र घरी जाताना सगळे कागद पुन्हा एकदा तपासून पाहिले.