काचचित्रकला आणि उल्मचे धन्यवादित याकोब

युरोपातील जुन्या कॅथेड्रलांच्या खिडक्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ते निळे, ते माणकासारखे लाल रंग चित्रकाराने कुंचल्याने लावले असावेत, असा आपला समज असतो. वस्तुतः मध्ययुगीन खिडक्यांतील बहुतेक रंग काचेच्या अंगचेच आहेत. काचेच्या रसात कोबाल्ट मिसळले की काच निळी होते. तांबे मिसळले की भट्टीच्या आचेनुसार लाल किंवा हिरवी. चित्रकाराच्या वाट्याला उरतो तो केवळ एक काळपट तपकिरी रंग. प्रभूच्या मुखावरील करुणा आणि पवित्र मातेचे अश्रू त्याने तेवढ्यातच रेखायचे असतात.

हा रंग कसा सिद्ध करावा, हे थिओफिलस नाव धारण केलेल्या एका मठवासी कारागिराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात लॅटिन ग्रंथात लिहून ठेवले. त्या ग्रंथाच्या तीन भागांपैकी दुसरा भाग काचेविषयी आहे. बीच वृक्षाची राख दोन भाग आणि वाळू एक भाग घेऊन काच वितळवावी. खडूने पांढऱ्या केलेल्या फळीवर खिडकीचा आराखडा काढावा आणि त्याबरहुकूम तापलेल्या लोखंडाने काचेचे तुकडे पाडावेत. जाळलेल्या तांब्याची भुकटी आणि हिरव्या व निळ्या काचेचा चुरा दगडावर बारीक वाटून द्राक्षारसात किंवा मूत्रात कालवावा. तो रंग कुठे दाट, कुठे पातळ लावून छाया साधावी. अक्षरे हवी तेथे कुंचल्याच्या दांड्याने रंग खरवडावा. मग तुकडे भट्टीत भाजावेत. आचेने रंगातील काचेचा चुरा वितळून खालच्या काचेशी एकजीव होतो. शेवटी सारे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे डाख देऊन जोडावेत.

या पद्धतीत एक अडचण होती. संताचे मुख पांढऱ्या काचेचे आणि प्रभावलय पिवळ्या काचेचे, म्हणजे दोहोंमध्ये शिशाची काळी रेघ येणारच. चौदाव्या शतकाच्या आरंभी तीवर उपाय सापडला. चांदीचे संयुग मातीत कालवून काचेच्या मागील बाजूस लावायचे आणि मंद आचेवर भाजायचे. चांदी काचेच्या आत शिरते. वरची माती पुसून टाकली की खाली लिंबापासून नारिंगीपर्यंतची पिवळी छटा उमटलेली दिसते. एकाच तुकड्यावर मुख, केस आणि प्रभावलय रेखणे त्यामुळे शक्य झाले.

या शोधाचे श्रेय लोकपरंपरेने उल्मचे याकोब यांना दिले आहे. १४०७ साली जर्मनीतील उल्म येथे जन्मलेले याकोब तारुण्यात रोमच्या यात्रेस निघाले, नेपल्समध्ये काही काळ सैनिक झाले आणि १४४१ साली बोलोन्याच्या डॉमिनिकन मठात व्रतस्थ बंधू म्हणून दाखल झाले. तेथे त्यांनी काचचित्रे केली. त्यांच्या बाहीची चांदीची गुंडी भट्टीत जाणाऱ्या काचेवर पडली आणि काच पिवळी झाली, अशी आख्यायिका आहे. ती गोड आहे, पण खरी नाही. नॉर्मंडीतील ले मेस्नील-विलमां येथील चर्चमध्ये याच चांदीच्या रंगाची खिडकी १३१३ सालची आहे. म्हणजे याकोब यांच्या जन्माच्या ९४ वर्षे आधीची!

मग भाविकांनी खंत करावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांच्याविषयी दुसरीही एक कथा सांगतात. काच भट्टीत असताना, जेव्हा क्षणाचेही दुर्लक्ष परवडत नाही, नेमके तेव्हाच मठप्रमुखांनी त्यांना भिक्षेस जाण्याची आज्ञा केली. याकोब निमूटपणे गेले. परतले तेव्हा काच निर्दोष भाजलेली होती. या कथेचीही कागदोपत्री साक्ष मागता येणार नाही. परंतु लोकांनी त्यांच्या ठायी काय पाहिले, हे तीतून कळते: स्वतःच्या कलेहून आज्ञापालन मोठे मानणारा कारागीर. ११ ऑक्टोबर १४९१ रोजी त्यांचे देहावसान झाले आणि १८२५ साली पोप लिओ बारावे यांनी त्यांना धन्यवादित म्हणून गौरविले. काचचित्रकार त्यांना आपले आश्रयदाते मानतात.

संतचरित्रातील एखादी आख्यायिका इतिहासाने बाजूला सारली म्हणून संत लहान होत नाही. गुंडी काढून घेतली तरी याकोब यांच्याजवळ पुष्कळ उरते: भट्टीपाशी घालवलेली वर्षे, हाताचे कसब आणि प्रार्थना. शोध दुसऱ्या कुणा अनामिकाचा होता. त्याचे नाव आपणांस ठाऊक नाही, परमेश्वरास ठाऊक आहे. आपल्या मुलांना संतकथा सांगताना एवढा विवेक राखला, तर श्रद्धा दुबळी होणार नाही. उलट तिचा पाया अधिक पक्का होईल.