उघड्या मोटारींची निगा: मुंबई बेटापासून महापेपर्यंत

ज्या मोटारीचे छप्पर घडी करून मागे टाकता येते आणि जिच्यात बहुधा दोनच माणसांची सोय असते, अशा वेगवान मोटारीची निगा हा विषय पाश्चात्त्य माहितीपुस्तकांत नेहमी हिवाळ्यापासून सुरू होतो. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ पसरले जाण्यापूर्वी गाडी आत घ्यावी, टाकी भरावी, बॅटरी सोडवावी आणि वसंत ऋतूत ती पुन्हा बाहेर काढावी, असे त्या पुस्तकांचे वेळापत्रक असते. कोकण किनारपट्टीवर हे वेळापत्रक उलटे होते. येथे गाडी झाकून ठेवण्याचा काळ जून ते सप्टेंबर हा असतो आणि मीठ रस्त्यावर पसरावे लागत नाही, कारण ते खाडीवरून वाऱ्याबरोबर आपोआपच येते. मुंबई आणि तिच्या परिसरात उघड्या मोटारी सांभाळण्याची जी रीत गेल्या शतकभरात घडत गेली, ती पावसाळा आणि जागेची टंचाई या दोन गोष्टींनी घडवली. या दोहोंची गाठ आज जिथे पडलेली दिसते, त्या ठिकाणांपैकी नवी मुंबईतील महापे हे एक आहे.

मुंबईत पहिल्या मोटारी 1898 च्या सुमारास आल्या, तेव्हा उघडी मोटार हा वेगळा प्रकार नव्हताच, कारण जवळजवळ सगळ्याच मोटारी उघड्या होत्या. त्यांच्यावरील छपराची रचना बग्गी आणि व्हिक्टोरिया या घोडागाड्यांवरून घेतलेली होती. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या कमानी, त्यांवर ताणलेले जाड सुती कापड अथवा कातडे आणि मागे दुमडण्यासाठी बिजागऱ्या एवढाच तो ऐवज असे आणि त्याला टप हेच घोडागाडीचे नाव मिळाले. निगेचे ज्ञानही तबेल्यातूनच आले. कातडे तडकू नये म्हणून त्याला तेल चोळणे, बिजागऱ्यांना वंगण देणे आणि भिजलेला टप कधीही दुमडून न ठेवणे हे नियम कोचवानांना मोटार येण्याच्या आधीपासून माहीत होते. यांपैकी शेवटचा नियम आजही सर्वांत महत्त्वाचा आहे. ओले कापड घडीत राहिले की दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशीचे काळे ठिपके उमटतात आणि ते कापडाच्या धाग्यात शिरल्यावर कोणत्याही साबणाने पूर्णपणे जात नाहीत.

या उघड्या मोटारी दिखाऊ होत्या, पण नाजूक नव्हत्या. 1908 मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी सहा घाट ओलांडणारी चाचणी-शर्यत झाली, तीत रोल्स-रॉइसच्या 'सिल्व्हर घोस्ट' जातीच्या एका गाडीने नाव कमावले आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. संस्थानिकांच्या मोटारखान्यांत अशा गाड्यांसाठी स्वतंत्र चाकरवर्ग असे आणि निगा हा वेगळा खर्च म्हणून कोणी मोजत नसे. कोल्हापूरच्या राजघराण्याची मेबॅक ही जर्मन बनावटीची मोठी मोटार या परंपरेचा अजून चालू असलेला दाखला आहे. राजाराम महाराजांच्या काळातील ही गाडी वर्षभर जपून ठेवली जाते आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी राजघराण्यातील मंडळी तीत बसून दसरा चौकात येतात. वर्षातून एकदा, तोही पावसाळा सरल्यावर लगेच येणारा मुहूर्त, हा जुन्या यंत्राच्या दृष्टीने सोयीचा म्हणता येणार नाही. चार ओल्या महिन्यांत ब्रेकच्या डब्यांत साचलेला गंज, कार्ब्युरेटरमध्ये सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर आणि उतरलेली बॅटरी या तिन्ही गोष्टी नेमक्या याच वेळी समोर येतात. तरीही गाडी दरवर्षी चौकात पोहोचते, याचे श्रेय मिरवणूक पाहणारी गर्दी सहसा कोणाला देत नाही.

1920 च्या दशकाच्या अखेरीस बंद छपराच्या गाड्या स्वस्त झाल्या आणि उघडी मोटार ही गरज न राहता हौस झाली. 1928 मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे सुटे भाग जोडून मोटारी उभ्या करण्याचा कारखाना काढला आणि 1944 मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली, पण या कारखान्यांचा भर कुटुंबाच्या गाडीवर होता. त्यानंतर 1953 मध्ये केंद्र सरकारने भारतात प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या जोडणी-कारखान्यांना थारा न देण्याचे धोरण स्वीकारले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी काढता पाय घेतला आणि आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी स्पोर्ट्स मोटारींचा ओघ आटला. त्यामुळे देशात आधीच आलेल्या एमजी, जॅग्वार, ट्रायम्फ वगैरे गाड्या पुढची तीन-चार दशके आहेत त्याच साधनांवर जगवाव्या लागल्या. 1958 च्या 'चलती का नाम गाडी' या चित्रपटात गॅरेज चालवणारे तीन भाऊ आणि त्यांची जुनाट उघडी गाडी आहे. त्या कथेतील विनोदाचा भाग सोडला, तर मुंबईच्या गॅरेजांचे ते बरेचसे वास्तव होते.

टंचाईच्या या काळातच मुंबईची स्वतःची दुरुस्ती-संस्कृती घडली. चोरबाजार आणि कुर्ला येथे जुने सुटे भाग मिळत, तर ऑपेरा हाऊस परिसरात गाडीच्या सजावटीची आणि सीटच्या कापडाची दुकाने होती. मूळ टपाचे परदेशी कापड, म्हणजे दोन विणींच्या मध्ये रबराचा थर असलेले जलरोधक कापड, मिळेनासे झाले, तेव्हा त्याची जागा रेक्झिनने, म्हणजे वरून प्लास्टिकचा लेप दिलेल्या सुती कापडाने घेतली. रेक्झिन पाणी आत येऊ देत नाही, पण आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही आणि उन्हाने ते घडीच्या रेघांवर तडकते, त्यामुळे काही पावसाळ्यांनंतर नवा टप शिवणे हे ठरून गेले. पत्र्याच्या बाबतीतली तडजोड अधिक महागात पडली. सडलेला पत्रा कापून नवा जोडण्याऐवजी त्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याचा लगदा, भरून वरून रंग मारण्याची पद्धत रूढ झाली. लांबी ओल धरून ठेवते, म्हणून वरून तुकतुकीत दिसणाऱ्या गाडीचा तळ आतून पोखरला जात राहिला. मुंबईच्या मिस्तरींच्या कल्पकतेचे कौतुक करताना तिने किती गाड्या वाचवल्या, त्याचबरोबर किती गाड्यांचा गंज नुसता झाकला, हेही नोंदवले पाहिजे. उघड्या गाडीत हा गंज अधिक घातक असतो. छताचा आधार नसल्यामुळे अशा गाडीचा सगळा ताठरपणा तळाच्या आणि दाराखालच्या पट्ट्यांच्या पत्र्यावर अवलंबून असतो. तो पत्रा सडला की दारे नीट लागत नाहीत आणि गाडी मध्येच वाकू लागते.

भारतीय कारखान्याने उघडी स्पोर्ट्स मोटार बनवण्याच्या मोजक्या प्रयत्नांपैकी एक मराठी मुलुखाच्या शेजारी, गोव्यातील वेर्णा येथे झाला. सॅन मोटर्सने 1998 मध्ये आणलेल्या 'सॅन स्टॉर्म' या दोन आसनी गाडीची बाह्यरचना फ्रेंच संस्थेची होती, इंजिन रेनॉचे 1149 घनसेंटीमीटरचे होते आणि वरचे अंग काचतंतूच्या प्लास्टिकचे, म्हणजे फायबरग्लासचे होते. किनाऱ्यावरच्या गाडीसाठी ही निवड शहाणपणाची होती, कारण हे अंग गंजत नाही. तथापि इंजिन, सस्पेन्शन, बिजागऱ्या आणि विजेच्या तारांचे जोड हे धातूचेच राहतात, त्यामुळे निगेचे काम कमी होते, संपत नाही. गाडी फार थोड्या संख्येने विकली गेली.

महापेचा या इतिहासाशी संबंध उशिरा येतो आणि तो जागेमुळे येतो. ठाण्याच्या खाडीपलीकडे, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले हे गाव आगरी वस्तीचे, भातशेतीचे आणि आसपासच्या मिठागरांचे होते. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याने दिघ्यापासून तुर्भे-नेरूळपर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक क्षेत्र आखले. या क्षेत्राला ट्रान्स ठाणे क्रीक, म्हणजे खाडीपलीकडील क्षेत्र, अथवा थोडक्यात टीटीसी असे नाव मिळाले. आधी रसायनांचे आणि अभियांत्रिकीचे कारखाने आले. नंतर त्यांपैकी अनेक बंद पडले किंवा हलले आणि महापे येथे मिलेनियम बिझनेस पार्कसारखी संगणक-व्यवसायाची संकुले उभी राहिली. या स्थित्यंतरात उंच छताचे, ट्रक सहज आत शिरेल अशा दाराचे गाळे नव्या वापरासाठी मोकळे झाले आणि मोटारींच्या कार्यशाळांना ते अगदी सोयीचे ठरले. वाशीचा खाडीपूल 1973 मध्ये आणि ऐरोलीचा 1999 मध्ये खुला झाल्याने मुंबई बेट व उपनगरे या पट्ट्याशी जोडली गेली होतीच. बेटावर एका गाडीची जागा मिळवणे हेच मोठे काम असताना दुसरी, हौसेची आणि वर्षातले मोजके दिवस चालणारी गाडी ठेवण्यासाठी खाडी ओलांडणे स्वाभाविक होते. 2000 नंतर आयात सुलभ झाली, विजेवर उघडणाऱ्या टपाच्या जर्मन गाड्या विकल्या जाऊ लागल्या आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात परदेशी मोटारींची दालने व कार्यशाळा दिसू लागल्या.

येथेच या जागेचा मोठा विरोधाभास आहे. गाडी ठेवायला जिथे ऐसपैस छप्पर मिळते, तिथली हवा गाडीला सर्वांत कमी मानवणारी आहे. लोखंडाच्या गंजण्याला पाण्याचा थर लागतो आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेतील बाष्पाचे तिच्या धारणक्षमतेशी असलेले प्रमाण, साधारण 60 ते 70 टक्क्यांवर गेली की असा अदृश्य थर पत्र्यावर बसतो. पावसाळ्यात येथे हे प्रमाण 80 टक्क्यांच्याही वर राहते. खाडीचे क्षार त्या थराला अधिक वाहक बनवतात आणि कारखान्यांच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड त्यात विरघळून आम्ल होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांचे गुणांकन केले, तेव्हा 70 पेक्षा अधिक गुण मिळालेल्या 43 अतिप्रदूषित क्षेत्रांत नवी मुंबईचा समावेश होता. हवा नंतर काही अंशी सुधारली असली, तरी त्या काळात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टपाला आणि क्रोमला त्या प्रदूषणाची किंमत मोजावी लागली.

त्यामुळे येथील शिस्त कोरडेपणाभोवती फिरते. मे महिन्याच्या अखेरीस गाडी धुतली जाते आणि धुण्याचे पाणी मुद्दाम चाकांच्या कमानींत व तळाखाली मारले जाते. टपावर मात्र जोराचा फवारा टाळतात, कारण तो शिवणीतून आत शिरतो. कापडी टप मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने, विणीच्या दिशेने घासून, पूर्ण सुकल्यावर त्यावर पाणी न धरणारा लेप देतात. मागची प्लास्टिकची खिडकी कोरड्या फडक्याने कधीही पुसत नाहीत, कारण धुळीचे कण तिच्यावर कायमच्या रेघा ओढतात. टपाच्या घडीखाली पावसाचे पाणी वाहून नेणारी बारीक छिद्रे असतात. ती पाचोळ्याने तुंबली तर पाणी आत गालिच्याखाली साचते आणि नव्या गाड्यांत टप उघडणारी मोटर किंवा नियंत्रक पेटी भिजते. कित्येक महागड्या दुरुस्त्यांचे मूळ या छिद्रांत सापडते. साठवताना टप बंद, म्हणजे ताणलेला ठेवतात, वरून हवा खेळेल असे कापडी आच्छादन घालतात, हॅण्डब्रेक न ओढता चाकांना लाकडी ठोकळे लावतात आणि बॅटरीला मंद प्रवाहाचा चार्जर जोडतात. उंदीर तारा कुरतडतात म्हणून बॉनेटखाली तंबाखूची पाने ठेवण्याचा देशी उपाय आजही चालतो. तळघरातले वाहनतळ मात्र जाणकार टाळतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळघरांत कोरड्या समजल्या गेलेल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या.

एक जुनी सवय मात्र मोडायला हवी होती आणि ती पुरती मोडलेली नाही. बंद ठेवलेल्या गाडीचे इंजिन रोज सकाळी पाच मिनिटे चालवावे, ही चालकांची रीत काळजीची वाटली तरी अपायकारक आहे. इंधनाच्या ज्वलनातून पाणी तयार होते. इंजिन पुरेसे तापले नाही तर ते पाणी वाफ होऊन निघून न जाता तेलात आणि धुराच्या नळकांड्यात साठते. गाडी चालवायची तर वीस मिनिटे रस्त्यावर न्यावी, नाहीतर हात लावू नये.

इंधनाचा प्रश्न अलीकडे अधिक बिकट झाला आहे. 2000 मध्ये देशभरातून शिशाचे पेट्रोल हद्दपार झाले, तेव्हा शिशाच्या थरावर विसंबणाऱ्या जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजू लागल्या आणि त्या कठीण धातूच्या बसवून घ्याव्या लागल्या. 2022 पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 10 टक्क्यांवर आले आणि 2023 पासून 20 टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. इथेनॉल बाष्प शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते. त्यामुळे टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत ओल जमणार नाही, हा पूर्वीचा नियम चार महिन्यांच्या साठवणुकीसाठी आता निःशंकपणे सांगता येत नाही. अनेक जण टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवतात आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालतात. याच सुमारास, जुलै 2021 मध्ये, केंद्र सरकारने 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली. तिचे शुल्क 20,000 रुपये असून मुदत 10 वर्षांची आहे आणि अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मूळ स्वरूपाची ही अट लागू झाल्यामुळे रेक्झिनचे टप उतरवून त्यांच्या जागी पुन्हा मूळ विणीचे कापड मागवले जाऊ लागले, तर ते खरेदी करण्याचे बिल आता मालकाच्या नोंदणीच्या कागदांशेजारी जपले जाईल.