किल्ल्या कोणाच्या हाती?

साकीनाक्याहून मरोळकडे जाताना सीप्झच्या कुंपणाआत एका जुन्या देवळाच्या भिंती उभ्या आहेत. कोंडिविटे, म्हणजे पोर्तुगीजांच्या तोंडचे कोंदिता, येथील संत योहान बाप्तिस्ता ह्याचे हे देऊळ जेझुइट पाद्र्यांनी 1579 साली बांधिले. 1840 साली रोगाची साथ आली, लोकांनी ती जागा सोडिली आणि मरोळ येथे नवे देऊळ उभारिले. इमारत ओस पडली, परंतु मंडळी मोडली नाही. ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी मंडळी कशाने टिकते, ह्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

1737 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने साष्टी घेतली. 1739 साली वसई पडली. युरोपियन पाद्री बहुतेक निघून गेले आणि देवळांचा भार गोमंतकीय देशी पाद्र्यांवर आला. ज्यांस आजवर दुय्यम लेखिले होते, त्यांनीच वेदीवरील दिवा विझू दिला नाही. पुढे 1896 साली मुंबईस प्लेगने ग्रासिले, तेव्हा आमच्या पूर्वजांनी गावोगावी क्रूस उभारिले व त्यांपुढे जमून प्रार्थना केली. ह्या प्रार्थनेस आरंभ करणारी वडीलधारी मंडळी कोणत्याही विद्यालयात शिकलेली नव्हती. संकटकाळी पुढारी वरून येत नाही. तो घराघरांत आधीच तयार असावा लागतो.

तो तयार करण्याच्या कामी ख्रिस्तसभेने दिरंगाई केली, हे कबूल केले पाहिजे. ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 साली ठराव करून धर्मगुरु घडविण्यासाठी सेमिनारी स्थापावयास सांगितले. परंतु येथील लोकांवर विश्वास टाकण्यास फार काळ लागला. गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेउस द कास्त्रो ह्यांस गोव्यात धर्मगुरुपदाची दीक्षा मिळेना, म्हणून ते रोमला गेले. 1637 साली ते बिशप झाले व विजापूरच्या आदिलशाही मुलखातील मिशन त्यांजकडे सोपविण्यात आले. आपल्या मुंबई धर्मप्रांताचे मूळ त्याच मिशनात आहे. त्यांच्यामागे दुसरे गोमंतकीय, कुस्तोदियु द पिन्यु, त्या पदावर आले. पुढे ती परंपरा तुटली. मुंबईच्या आर्चबिशपच्या आसनावर पहिले हिंदी गृहस्थ, व्हॅलेरियन ग्रासियस, बसले ते 1950 साली.

ही गोष्ट घडली कशी, तेही पाहण्याजोगे आहे. 1946 साली ग्रासियस सहायक बिशप झाले. त्यानंतर आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स स्वतः मुंबईपासून दूर राहिले व कारभार त्यांच्या हाती राहू दिला; 1950 साली त्यांनी पदही सोडिले. अधिकार गाजविणारे पुष्कळ असतात. दुसऱ्यास काम करता यावे म्हणून बाजूस सरणारे विरळा.

प्रापंचिक ख्रिस्ती जनांची पाळी ह्याहून उशिरा आली. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने 1965 साली त्यांच्या प्रेषितकार्याविषयी आदेश काढिला व त्यात त्यांच्या शिक्षणास एक संपूर्ण प्रकरण दिले. 1983 च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामास अर्थसमिती आवश्यक केली, आणि जेथे बिशपांस योग्य वाटेल तेथे सल्लागार मंडळाची सोय केली.

परंतु समिती नेमिल्याने पुढारी होत नाही. आम्ही स्वतः सेमिनारीत वर्षानुवर्षे शिकलो. आणि हिशेब राखणाऱ्या बंधूस किंवा वाडीतील प्रार्थना चालविणाऱ्या भगिनीस आम्ही एक संध्याकाळही शिकविण्यास दिली नाही. काम लवकर उरकावे म्हणून किल्ल्या आपल्याच कमरेस ठेविल्या आणि मग लोक पुढे येत नाहीत अशी तक्रार केली. दोष लोकांचा नव्हता.

साकीनाक्याची वस्ती बदलती आहे. आज आहे ते कुटुंब उद्या दुसरीकडे जाईल. म्हणून प्रत्येक काम करणाऱ्याने आपल्याजवळ एक तरुण हाताशी घ्यावा, त्यास काम शिकवावे, चुकू द्यावे, आणि वेळ येताच त्याच्या हाती ते सोपवून मोकळे व्हावे. हा नियम वेदीपासून घंटेच्या दोरीपर्यंत सर्वांस लागू असावा. त्याचा आरंभ आम्ही आमच्या किल्ल्यांपासून करू. कोंडिविट्याच्या ओस भिंती दृष्टीसमोर ठेवून परमेश्वर आपणांस ही सुबुद्धि देवो.