एसजीपीटी: रिपोर्टमधल्या आकड्यांची गोष्ट

तळेगाव (श्यामजी पंत) असो की पुणं, कावीळ म्हटली की आधी डोळे बघतात, मग लघवीचा रंग विचारतात. त्यानंतर लॅबची पीडीएफ मोबाइलवर येते: बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी. हे आकडे आले कुठून?

आधी बिलिरुबिन. १९१३ मध्ये हॉलंडचे डॉक्टर व्हान डेन बर्ग यांनी ते रक्तात रंगावरून मोजायला सुरुवात केली. पुढे त्यांना दिसलं, की काहींच्या रक्तात रंग थेट येतो, काहींच्यात अल्कोहोल घातल्यावरच. रिपोर्टमधलं ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ तिथूनच आलं.

एसजीओटीची सुरुवात तर हार्ट अटॅकपासून झाली! १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी अटॅकनंतर ते वाढलेलं पाहिलं. १९५५ मध्ये इटलीत डी रिटिस यांना काविळीतही तेच दिसलं. पेशीला इजा झाली, की आतलं एन्झाइम रक्तात गळतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा एरर लॉग आहे. यकृत काम किती करतंय, ते अल्ब्युमिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइमवरून जास्त कळतं. यकृत फारच खराब झालं, पेशीच उरल्या नाहीत, तर एसजीपीटी उलट खाली येतो. म्हणजे आकडा उतरला म्हणून लगेच खूश व्हायचं नाही.

आणि इजा कोणी केली, हे हा लॉग सांगत नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली. त्या साथीतलं साठवलेलं रक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी पुन्हा तपासलं. डॉ. खोर्शेद पावरी त्यांच्यातल्याच. १९८० मध्ये निष्कर्ष छापून आला: हा विषाणू ‘ए’ नाही, ‘बी’ पण नाही. पुढे त्याचं नाव पडलं हिपॅटायटिस ई.

ही कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. म्हणूनच कावीळ उतरवणाऱ्याला श्रेय मिळतं. पण गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, हीच कावीळ जिवावर बेतू शकते. त्यामुळे घरात वहिनीचे, ताईचे डोळे पिवळे दिसले, तर माळ बांधत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना प्रोथ्रॉम्बिन टाइमबद्दल विचारा.

भेटू पुढच्या भागात!