प्रकाशाने जोडले जाणारे परिपथ

यंत्राची घडण एकदा ठरली की ती कायम राहते, बदलते ती केवळ त्याला दिलेली आज्ञावली, ही समजूत संगणकविद्येत दीर्घकाळ रूढ होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ याच परंपरेतला. त्याच वर्षी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जेराल्ड एस्ट्रिन यांनी मात्र निराळा विचार मांडला. संगणकाचा एक भाग स्थिर असावा व दुसऱ्याची अंतर्गत जोडणी कामागणिक बदलावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुणे-दौंड लोहमार्गावर लोणी काळभोरनजीकच्या स्थानकात सांधे बदलले की त्याच रुळांवरून गाडीला दुसरी वाट मिळते. एस्ट्रिन यांची कल्पना तत्त्वतः याहून फार वेगळी नव्हती.

ती चिपवर उतरण्यास १९८५ साल उजाडावे लागले. झायलिंक्स कंपनीने त्या वर्षी ६४ तर्कघटकांची, वापरणाऱ्याने हवी तशी जोडावी अशी चिप काढली. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली सिद्ध केलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकातही जोडणी बदलता येत असे. परंतु ती प्रक्रियकांच्या परस्परांमधील होती, त्यांच्या अंतरंगातील नव्हे. सबब दोहोंची गणना एकत्र करणे योग्य होणार नाही.

खरी अडचण सांध्यांची नव्हती, सांधेवाल्याची होती. नवी जोडणी बाहेरील स्मृतीतून तारांवाटे क्रमाक्रमाने आणावी लागे आणि तोवर परिपथ खोळंबून राही. येथे डेनिस गाबोर यांची होलोग्राफी उपयोगी पडली. होलोग्रामवर लेसरचा किरण पडताच त्यात साठविलेली आकृती एकदम उमटते. विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत डिमिट्री साल्टिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिपवर प्रकाशग्राहक योजून ही आकृती त्यांवर पाडण्याचा मार्ग दाखविला. पुढे जपानच्या शिझुओका विद्यापीठात मिनोरू वातानाबे यांनी जोडणी बदलण्याचा काळ नॅनोसेकंदांच्या मापात आणला.

या वेगाचे कौतुक रास्तच आहे. तथापि अधिक मोलाचा गुण गाबोर यांनी निवडलेल्या नावातच आहे. ग्रीक ‘होलोस’ म्हणजे संपूर्ण. होलोग्राममध्ये आकृतीच्या प्रत्येक बिंदूची नोंद सर्व पृष्ठभर पसरलेली असते. म्हणून त्याचा काही अंश बिघडला तरी आकृती क्षीण होते, नाहीशी होत नाही. साध्या स्मृतीत मात्र अंतराळातील प्रारणाने एक अंक उलटला तरी परिपथाची जोडणी चुकू शकते. वातानाबे यांचे पुढील संशोधन प्रारणाला तोंड देणाऱ्या चिपकडे वळले, ते याच कारणाने.

याची किंमतही मोजावी लागते. प्रकाशग्राहक चिपवरील मोलाची जागा अडवितात, आणि लेसर, होलोग्राम व चिप यांची मांडणी केसभर ढळली तरी आकृती भलत्या ठिकाणी पडते.