भाकरीचा हिशेब

गव्हात प्रथिने जास्त, ज्वारीत कमी, तांदळात आणखी कमी, ही उतरंड छापील कोष्टकांनी आपल्या मनात रुजवली. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून पोषणतज्ज्ञ अ‍ॅक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली आणि पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ते काम चालू ठेवले. शंभर ग्रॅम कोरड्या धान्यात गव्हात साधारण १२ ग्रॅम प्रथिने, बाजरीत साडेअकरा, ज्वारीत साडेदहाच्या आसपास, तर नाचणीत आणि पॉलिश केलेल्या तांदळात सातच्या आगेमागे. (शिजलेल्या भाताचा आकडा तीनच्याही खाली येतो, तो पाण्याचा प्रताप.) एवढ्यावर महाराष्ट्राच्या जेवणाचा इतिहास लिहायचा, तर १९५६च्या अमेरिकी धान्य-करारानंतर रेशनवर आलेला गहू ही निखळ प्रगती ठरते. पण गहू आणि ज्वारी यांच्यातला फरक दीड ग्रॅमचा, आणि लायसिन या आवश्यक अमिनो आम्लाची उणीव दोघांतही. ती भरून काढते डाळ. तुरीच्या डाळीत २२ ग्रॅम प्रथिने असतात आणि लायसिनही मुबलक. मराठवाड्या-विदर्भात खरीप ज्वारीच्या पाभरीबरोबर तुरीचे तास पडत असे, मूग-उडीदही त्याच रानात. म्हणून प्रथिनांचा हिशेब दाण्याचा न मांडता रानाचा मांडायला हवा.

यावर रास्त आक्षेप असा, की गरिबाच्या ताटात डाळ रोज होतीच कुठे? भाकरी, कांदा आणि ठेचा यांवर कित्येकांचे दिवस गेले. हे खरेच आहे. पोषणतज्ज्ञ गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतील पेलाग्रा या कुपोषणाच्या रोगाचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाशी जोडला. त्या अनुमानावर पुढे वाद झाले. परंतु हा रोग जडत होता तो जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्यांना, तेव्हा हा पुरावा एकट्या धान्याच्या विरुद्ध जातो, ज्वारी-तुरीच्या जोडीच्या विरुद्ध नाही. पिकलेली तूर विकावी लागे, हे दारिद्र्याचे दुखणे होते. पण वाईट वर्षातही रानात थोडी तूर उभी असे आणि घरात ठेवायची की बाजारात न्यायची, एवढा निर्णय तरी कुणब्याच्या हाती राही.

खरा उलटफेर सोयाबीनने केला. १९९०नंतर खरीप ज्वारीचे रान झपाट्याने त्याच्याकडे गेले. सोयाबीनच्या दाण्यात प्रथिने चाळीस टक्क्यांच्या घरात, म्हणजे कोष्टकाच्या भाषेत शेत कधी नव्हे इतके पौष्टिक झाले. मात्र हे पीक बहुतेक गिरणीकडे जाते. तेल निघते आणि प्रथिने पेंडीत उरतात. ती पेंड कोंबड्यांना घातली जाते, काही परदेशी जाते. अंड्यांच्या रूपाने ती ताटात परत येते, असे कोणी म्हणेल. येतेही, पण रोख पैसे मोजणाऱ्याच्या ताटात. शेतकऱ्याच्या घरी त्याच वेळी रेशनचा गहू-तांदूळ असतो आणि तुरीची डाळ वाण्याकडून किलोच्या भावाने येते.