प्रतिकृती विमानासाठी विद्युत मोटार व प्रोपेलरची निवड

रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमानात विद्युत मोटार, प्रोपेलर, बॅटरी आणि वेगनियंत्रक (ईएससी) हे चार घटक परस्परांवर अवलंबून असतात. त्यामुळे त्यांची निवड एकत्रितपणे करावी लागते.

शक्तीचा अंदाज
प्रथम उड्डाणसज्ज विमानाचे एकूण वजन निश्चित करतात. शिकाऊ विमानास दर किलोग्रॅममागे साधारण १५० ते २०० वॅट, तर कसरतीच्या विमानास २२० ते ३३० वॅट विद्युतशक्ती पुरते.

मोटारीचा केव्ही अंक
केव्ही म्हणजे भाराविना दर व्होल्टला मिळणारे दर मिनिटाचे फेरे. हे सामर्थ्याचे माप नव्हे. कमी केव्हीची मोटार मोठा प्रोपेलर संथ गतीने, तर जास्त केव्हीची मोटार लहान प्रोपेलर वेगाने फिरवण्यास योग्य ठरते.

प्रोपेलर
'१० × ५' या अंकांत पहिला व्यास व दुसरा पिच (एका फेऱ्यातील सैद्धांतिक पुढची चाल) इंचांत दर्शवतो. फेरे तेच राहिल्यास रेटा व्यासाच्या चौथ्या आणि लागणारी शक्ती पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणून त्याच गतीने ९ ऐवजी १० इंची प्रोपेलर फिरवण्यास सुमारे ६९ टक्के अधिक शक्ती लागते. केवळ एका इंचाच्या या फरकाने मोटार वा वेगनियंत्रक जळू शकतो.

उदाहरण
१ किलोग्रॅमच्या शिकाऊ विमानास तीन सेलची (११.१ व्होल्ट) लिथियम-पॉलिमर बॅटरी, १००० केव्हीची मोटार व १० × ५ प्रोपेलर ही जोडी साधारणपणे चालते. भाराखाली ८,५०० फेरे मिळाल्यास पिच-वेग ताशी सुमारे ६५ किलोमीटर येतो. विद्युतप्रवाह १६ अँपिअरच्या आसपास राहत असल्यास ३० अँपिअरचा वेगनियंत्रक पुरेसा ठरतो.

हवेच्या घनतेचा परिणाम
बहुतेक तक्ते समुद्रसपाटीवरील प्रमाण हवा गृहीत धरतात. बीड जिल्ह्यातील वडवणीसह मराठवाड्याच्या पठारावर उन्हाळ्यात ४० अंश सेल्सिअस तापमान नवे नाही. सुमारे ५०० मीटर उंचीवर अशा तापमानास हवेची घनता प्रमाणापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी असते. परिणामी त्याच फेऱ्यांत रेटाही तेवढाच घटतो आणि विमान हवेत तोलून धरण्यास सुमारे ७ टक्के अधिक वेग लागतो. ही तूट मोठ्या प्रोपेलरने भरून काढताना मोटार तापण्याचा धोका असतो; वजन घटवणे किंवा सकाळी उड्डाण करणे अधिक सुरक्षित ठरते.

तपासणी व सुरक्षितता
विमान घट्ट धरून पूर्ण वेगावर वॅटमीटरने प्रवाह मोजतात. तो मोटार, वेगनियंत्रक व बॅटरी यांपैकी सर्वांत कमी मर्यादेच्या आत असावा लागतो. चाचणीवेळी प्रोपेलरच्या समोर वा त्याच्या फिरण्याच्या प्रतलात कोणी उभे राहू नये. घरात जोडणी तपासताना प्रोपेलर काढून ठेवावा. भारतात 'ड्रोन नियम, २०२१' लागू असल्याने उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय मंचावरील हवाई क्षेत्राचा नकाशा पाहणे आवश्यक आहे.